पंधराव्या गुणसूत्राचा जादा तुकडा आणि आईवरचा आळ

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षे दहा महिन्यांचा आहे. त्याने मान सातव्या महिन्यात धरली, बसायला सव्वा वर्ष लागले आणि आता कुठे तो भिंतीला धरून पावले टाकतो. शब्द एकही नाही; काही हवे असेल तर माझा हात धरून तिकडे ओढत नेतो. नावाने हाक मारली तर वळत नाही, आनंद झाला की हात फडफडवतो आणि रात्री दोन-दोन तास जागा असतो. फिट अजून आलेली नाही. शहरातल्या डॉक्टरांनी रक्ताची मायक्रोअ‍ॅरे तपासणी केली, तिच्यात पंधराव्या गुणसूत्राचे डुप्लिकेशन, म्हणजे त्याचा एक तुकडा जादा असल्याचे, निघाले. पुढे आणखी एक तपासणी झाली आणि ‘हे आईकडून आले आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले. माझे लग्न सख्ख्या आतेभावाशी झाले आहे. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याच, आता म्हणतात की दोष माझ्यात आहे; शिवाय गरोदरपणी ग्रहणात मी भाजी चिरली होती. बाकीचे नातेवाईक म्हणतात, नात्यात लग्न केल्याचे हे फळ. मुलगा चालेल का, बोलेल का, शिकेल का? दोष नेमका कोणाचा? आमच्या सात वर्षांच्या मुलीचीही तपासणी करावी का?
(एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचे पत्र आणि सोबत जोडलेल्या दोन्ही अहवालांच्या प्रती मी सावकाश वाचल्या. मुलाच्या भवितव्याचा प्रश्न तुम्ही आधी विचारला आहे आणि दोषाचा नंतर. मी मात्र दोषाचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर अहवालाच्या आधारे बऱ्याच अंशी देता येते आणि ते मिळाल्याखेरीज पुढचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत तुम्ही असाल असे मला वाटत नाही.

‘आईकडून आले आहे’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. प्रत्येकाला पंधराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती मिळतात, एक आईच्या बीजातून आणि एक वडिलांच्या शुक्रबीजातून. तुमच्या मुलाची जी दुसरी तपासणी झाली, ती मिथायलेशनची होती, आणि जादा तुकडा या दोनपैकी कोणत्या प्रतीवर आहे एवढेच ती सांगते. तो आईकडून आलेल्या प्रतीवर आहे, असे तिने सांगितले. तोच जादा तुकडा तुमच्या स्वतःच्या रक्तपेशींमध्येही आहे का, हा अगदी निराळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी तुमचे रक्त तपासावे लागते. ते अद्याप तपासलेलेच नाही. या प्रकारच्या बहुतेक कुटुंबांत आईचे रक्त तपासले असता गुणसूत्रे साधारण निघतात, म्हणजे जादा तुकडा त्या एका बीजापुरता नव्याने तयार झालेला असतो. तेव्हा आज हाती असलेल्या कागदांवरून तुम्हाला ‘वाहक’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा तुकडा जादा कसा होतो हेही सांगते, कारण ग्रहणाचे उत्तर त्यातच आहे. बीज तयार होत असताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी-शेजारी येऊन आपसांत भागांची देवाणघेवाण करतात. पंधराव्या गुणसूत्राच्या वरच्या भागात जवळजवळ सारख्या मजकुराचे काही लांब पट्टे ठराविक अंतरांवर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. सदऱ्याची बटणे लावताना सगळी काजे सारखीच दिसतात म्हणून एखादे चुकावे आणि सदरा एका बाजूने लांब राहावा, तसे या सारख्या पट्ट्यांमुळे दोन प्रती एक घर सरकून जुळतात. परिणामी एका प्रतीवर मधला तुकडा दोनदा येतो आणि दुसरीवरून तो गळतो. स्त्रीच्या बीजपेशींमधली ही देवाणघेवाण ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच होऊन जाते. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत ही चूक अशी नव्याने झाली असेल, तर ती बहुधा तुमच्या जन्माच्याही आधीची आहे. तुम्ही गरोदरपणी काय चिरले, काय खाल्ले, कोणत्या दिवशी घराबाहेर पडलात, यांपैकी कशाचाही त्या घटनेशी संबंध जोडता येत नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दलचा समज अधिक चिवट आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि अशा जोडप्यांच्या मुलांत काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते हे खरेच आहे. पण ते आजार वेगळ्या जातीचे असतात. एखाद्या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडेही असावी आणि मुलाला दोन्हीकडून तीच मिळावी, तेव्हा ते होतात. पतिपत्नींचे आजी-आजोबा सामाईक असतील तर अशी गाठ पडण्याचा संभव अधिक असतो. द्विगुणनाला, म्हणजे डुप्लिकेशनला, अशी दुहेरी गाठ लागत नाही. एका प्रतीवरचा जादा तुकडा पुरेसा असतो आणि तो परक्या घरातल्या जोडप्याच्या मुलातही तसाच तयार झाला असता. एक सावधगिरी मात्र घ्यावी. नात्यातले लग्न असल्यामुळे, पुढे मुलामध्ये या द्विगुणनाने समजावता न येणारी लक्षणे दिसू लागली, उदाहरणार्थ यकृत वा प्लीहा वाढणे किंवा दृष्टी झपाट्याने मंदावणे, तर ‘निदान तर झालेच आहे’ म्हणून स्वस्थ न बसता दुसऱ्या आजाराचाही शोध घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी. एका मुलात दोन कारणे असू शकतात.

आता अहवाल. पहिल्या पानाच्या मध्यावर ठळक अक्षरांत एक ओळ आहे, तिच्यात ‘१५क्यू११.२क्यू१३.१’ असे लिहून पुढे कंसात दोन मोठे आकडे आहेत आणि शेवटी ‘×३’ आहे. १५ हा गुणसूत्राचा क्रमांक, ‘क्यू’ म्हणजे त्याची लांब भुजा, ११.२ ते १३.१ हा त्या भुजेवरचा पट्टा. कंसातले आकडे म्हणजे तुकडा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो ती ठिकाणे. या दोन आकड्यांची वजाबाकी केली की सुमारे सत्तावन्न लाख येतात, तेवढी जनुकीय अक्षरे जादा आहेत. संपूर्ण पंधरावे गुणसूत्र साधारण दहा कोटी अक्षरांचे असते, म्हणजे हा तुकडा त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास आहे. ‘×३’ चा अर्थ असा की ज्या भागाच्या दोन प्रती असायला हव्यात त्याच्या तीन आहेत.

या तुकड्याची लांबी पाहणे फार गरजेचे असते. ‘१५क्यू११.२’ एवढेच लिहिलेले एक बरेच छोटे, पाचेक लाख अक्षरांचे द्विगुणनही असते; ते पुष्कळ धडधाकट माणसांत सापडते आणि बहुतेक वेळा त्याला फारसे महत्त्व दिले जात नाही. नावे इतकी सारखी असल्यामुळे पालक एकमेकांचे अहवाल मोबाइलवर ताडून पाहतात आणि विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात. तुमच्या मुलाचा तुकडा मोठा आहे, आणि ‘डुप-फिफ्टीन-क्यू सिंड्रोम’ या नावाने जी अवस्था ओळखली जाते तिचा मुख्य भाग त्यात संपूर्ण येतो. प्रयोगशाळेने त्याला ‘रोगकारक’ म्हटले आहे ते योग्यच आहे.

नुसते ‘गुणसूत्राचे डुप्लिकेशन’ एवढे शब्द घेऊन माहिती शोधू नका, असा माझा आग्रह आहे. सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचा पंधरा लाख अक्षरांचा एक तुकडा जादा झाला तर शार्को-मारी-टूथ हा मज्जातंतूंचा आजार होतो. त्यात आधी पाय आणि मग हात हळूहळू दुबळे होत जातात, पण बुद्धीला धक्का लागत नाही. सातव्या गुणसूत्रावरचा एक विशिष्ट तुकडा गळाला तर मूल विल्यम्स सिंड्रोमचे, म्हणजे माणसांत चटकन मिसळणारे आणि पुष्कळदा बोलके होते; तोच तुकडा जादा झाला तर बोलणे उशिरा येते आणि लोकांत बुजणे वाढते. बाविसाव्या गुणसूत्रावरचे एक द्विगुणन तर आई किंवा वडील यांच्यात सापडते, ज्यांनी शिक्षण, नोकरी, संसार सगळे बिनबोभाट केलेले असते, आणि मुलाला मात्र शाळेत अडचणी असतात. यांपैकी कोणत्याही माहितीतून तुमच्या मुलाबद्दल काही कळणार नाही.

पंधराव्या गुणसूत्राच्या या भागाचे वैशिष्ट्य असे की त्यावरच्या काही जनुकांना आपण आईकडून आलो की वडिलांकडून याची खूण लागलेली असते. यूबीई३ए हे त्यांतले महत्त्वाचे जनुक. मेंदूतील चेतापेशींमध्ये त्याची आईकडून आलेली प्रत काम करते आणि वडिलांकडून आलेली प्रत मुकी असते. आईकडची ही प्रत गळाली तर अँजेलमन सिंड्रोम होतो. वडिलांकडच्या प्रतीवरून हाच पट्टा गळाला तर शेजारची दुसरी जनुके बंद पडून प्रादर-विली सिंड्रोम होतो. तुमच्या मुलात आईकडची प्रत दुप्पट झाल्यामुळे चेतापेशींना या जनुकाचे काम गरजेपेक्षा जास्त होते आहे. त्याच पट्ट्यात, मेंदूतील विद्युत हालचालींना लगाम घालणाऱ्या गाबा या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) बनवणारी तीन जनुकेही आहेत, आणि फिट येण्याच्या प्रवृत्तीशी त्यांचा संबंध मानला जातो. हाच तुकडा वडिलांकडच्या प्रतीवर जादा असता तर परिणाम बहुधा पुष्कळ सौम्य असते किंवा जाणवलेही नसते. म्हणून ‘मातृक’ या निष्कर्षाला वैद्यकीय महत्त्व आहे. दोष ठरवण्यासाठी ती तपासणी नसतेच.

दोन तपासण्या राहिल्या आहेत, त्या कराव्यात. पहिली मुलाची, साधी गुणसूत्र-तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, आणि गरज पडल्यास फिश, म्हणजे चमकती खूण लावून तुकडा कोणत्या गुणसूत्रावर आहे ते दाखवणारी तपासणी. मायक्रोअ‍ॅरे तुकड्याच्या प्रती मोजते. तो तुकडा कुठे बसला आहे हे तिला दिसत नाही. बहुतेक वेळा ‘×३’ म्हणजे तुकडा पंधराव्या गुणसूत्रातच लागून बसलेला असतो. परंतु याच भागाच्या दोन प्रती आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जोडल्या जाऊन एरवीच्या शेहेचाळीस गुणसूत्रांखेरीज एक छोटे, स्वतंत्र, सत्तेचाळिसावे गुणसूत्रही तयार होऊ शकते. तेव्हा एकूण प्रती चार होतात; आणि काही पेशींत ते असेल व काहींत नसेल तर मायक्रोअ‍ॅरेच्या मोजणीत सरासरी तीनच्या जवळ येऊ शकते. सत्तेचाळिसाव्या गुणसूत्राच्या प्रकारात स्नायूंचा सैलपणा, बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार (फिट येण्याचा आजार) साधारणपणे अधिक तीव्र असतात, म्हणून हे नक्की माहीत असलेले बरे. या तपासणीला जिवंत पेशी लागतात. रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपरिन असलेल्या नळीत घेतात आणि ते प्रयोगशाळेत लवकर पोचावे लागते. डीएनएसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले जुने रक्त तिथे चालत नाही. गावातून नमुना पाठवायचा असेल तर शनिवारी देऊ नका.

दुसरी तपासणी तुमची. मुलाचा तुकडा गुणसूत्रात लागून बसलेला आहे असे ठरले तरच तिला खरा अर्थ आहे, कारण स्वतंत्र सत्तेचाळिसावे गुणसूत्र जवळजवळ नेहमी नव्यानेच तयार झालेले असते. तुमच्या रक्तात द्विगुणन नसेल, आणि बहुधा ते नसेल, तर पुढच्या अपत्यात ते पुन्हा येण्याची शक्यता शेकडा एकपेक्षाही कमी मानतात. ती शून्य मानत नाहीत, कारण क्वचित काही बीजपेशींपुरता तुकडा असू शकतो. म्हणून पुढे कधी गर्भधारणा झाल्यास गर्भजलाची तपासणी उपलब्ध आहे एवढे ध्यानात ठेवा. द्विगुणन तुमच्यात सापडले, तर मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळी ते पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते.

‘माझ्यात असते तर मीही आजारी नसते का?’ असे तुम्ही विचाराल. तसे असेलच असे नाही. तो तुकडा तुम्हाला तुमच्या वडिलांकडून मिळालेला असेल तर तुमच्या मेंदूत तो मुका राहिला असता. आणि तोच पुढे तुमच्या बीजातून मुलाकडे जाताना त्याच्यावरची जुनी खूण पुसून ‘आईकडचा’ अशी नवी खूण लागली असती. म्हणजे लेकीच्या आयुष्यात त्याने कधी डोके वर काढले नाही आणि नातवात काढले, असे खरोखर घडते. तसे निघाले तर तुमच्या बहिणींना ही गोष्ट सांगावी लागेल, कारण त्यांच्या मुलांना तुमच्या मुलासारखाच धोका संभवतो. भावाच्या मुलांना तो बराच कमी असेल. आणि हेही सांगून ठेवते की तुमच्या वडिलांचे घराणे तेच तुमच्या आत्याबाईंचे माहेर आहे. मला त्यांना टोमणा मारायचा नाही. परंतु बोट कोणाकडे दाखवायचे हा खेळ या घरात तरी कोणालाच जिंकता येणार नाही.

आता मुलाबद्दल. आईकडून आलेल्या आणि गुणसूत्रातच लागून बसलेल्या द्विगुणनाच्या मुलांत फरक फार मोठा असतो, त्यामुळे तो दहाव्या वर्षी कसा असेल हे अहवाल पाहून कोणी ठामपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. एक गोष्ट जवळजवळ सर्वांत आढळते, ती म्हणजे स्नायूंचा सैलपणा. तुमच्या मुलाने मान उशिरा धरली, बसायला सव्वा वर्ष लागले, याचे मूळ तिथे आहे. पाय कमजोर आहेत म्हणून तो चालत नाही असे नसून, अंग तोलून धरणारा मूळचा ताणच कमी असल्यामुळे प्रत्येक हालचालीला त्याला अधिक कष्ट पडतात. असे असले तरी बहुतेक मुले, कोणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तर कोणी त्याहूनही उशिरा, स्वतःच्या पायांवर चालू लागतात. भिंतीला धरून तो आज पावले टाकतो आहे, तेव्हा चालण्याबाबत मी तुमच्याइतकी चिंतेत नाही. सांधे लवचिक असल्यामुळे तळपाय सपाट पडत असतील तर फिजिओथेरपिस्टना घोट्यापर्यंतच्या पट्ट्याविषयी विचारा. मूल आत बसवायचा चाकांचा पांगुळगाडा (वॉकर) मात्र, तो कितीही प्रेमाने कोणी आणून दिला तरी, वापरू नका, कारण मूल त्यात लोंबकळते आणि तोल सावरायला शिकत नाही.

शरीराची बाकीची वाढ साधारणपणे बरी असते. उंची-वजन पुष्कळदा वयानुरूप असते आणि चेहऱ्यात असे काही ठळक दिसत नाही की पाहताक्षणी निदान व्हावे. त्यामुळेच या मुलांचे निदान उशिरा होते. हृदय किंवा मूत्रपिंडांत जन्मजात दोष नेहमी असतो असे नाही, पण एकदा सोनोग्राफी व टूडी इको करून तो प्रश्न निकालात काढलेला बरा. तिरळेपणा, बद्धकोष्ठता आणि वारंवार कान फुटणे यांकडे लक्ष ठेवा. श्रवणाची तपासणी, म्हणजे बेरा, झाली नसेल तर ती आधी करून घ्या. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला नुसते ‘स्वमग्न’ म्हणून सोडून देण्यापूर्वी त्याला नीट ऐकू येते की नाही हे पाहिलेच पाहिजे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी आणि वाचाविकासाचे मार्गदर्शन दोन्ही मिळतात.

बोलणे आणि बुद्धी यांविषयी मला अधिक सावधपणे लिहावे लागेल. बौद्धिक अक्षमता बहुतेकांत असते, सौम्य ते तीव्र अशा सगळ्या पायऱ्यांवर; स्वमग्नतेची लक्षणेही पुष्कळांत असतात, आणि तुम्ही वर्णन केलेले हात फडफडवणे व हाकेला प्रतिसाद न देणे त्याच दिशेने जाते. काही मुले छोटी वाक्ये बोलतात, काही ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणत राहतात, तर काहींना शब्द येतच नाहीत. शब्द येतील की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. हवे असेल त्याकडे तो तुमचा हात धरून ओढत नेतो, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ‘मला हवे आहे, आणि ही व्यक्ती ते देऊ शकते’ हे त्याला कळते. पुढचे काम इथूनच सुरू करायचे. आवडीच्या खाऊची वाटी त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशी धरा, आणि काही न बोलता मनात पाच आकडे मोजा. त्याने नजर वर केली, हात पुढे केला, कसलाही आवाज काढला, की लगेच एक घास द्या आणि एकच शब्द म्हणा, ‘दे’. पुन्हा थांबा. घरातली मंडळी न मागताच सगळे पुढ्यात ठेवतात. ती माया असते, पण मागण्याची संधी त्यात निघून जाते. चित्रकार्डांचा वापरही आताच सुरू करावा. चित्रे दाखवली तर मूल बोलण्याचा आळस करील, अशी भीती अनेक आजींना वाटते. अनुभव तसा नाही, उलट मागणे जमू लागले की रडारड कमी होते आणि ज्यांना शब्द येणार असतात त्यांना ते येतातच.

फिटविषयी मुद्दाम सविस्तर लिहिते. सत्तेचाळिसाव्या गुणसूत्राच्या प्रकारात निम्म्याहून अधिक मुलांना अपस्मार होतो. तुमच्या मुलाच्या संभाव्य प्रकारात प्रमाण बरेच कमी, पण धोका आहेच. तिसरे वर्ष येईपर्यंत फिट आली नाही ही चांगली गोष्ट असली तरी एक ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख, आताच करून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो. फिट म्हणजे सगळे अंग ताठ होऊन तोंडाला फेस येणे, असेच आपल्या डोळ्यांपुढे असते. या मुलांत ती वेगळ्या रूपातही येते. झोपेतून उठल्यावर काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मान झुकणे आणि हात पसरले जाणे, बसल्या बसल्या एकदम कोसळणे, खेळताना मध्येच शून्यात पाहत राहणे, असे काही दिसले तर मोबाइलवर चित्रीकरण करा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना तेच दाखवा. वर्णनापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. येत असलेली कला, म्हणजे पावले टाकणे किंवा नजरेला नजर देणे, अचानक मागे पडली तर दिसणारी फिट नसतानाही झोपेतला ईईजी करून घ्यावा. प्रत्यक्ष झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, तेवढा वेळ मात्र वाया जातो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय गाठायचे. अपस्मार सुरू झालाच तर झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरात ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका. या सिंड्रोममध्ये झोपेत अचानक मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्या बहुतांशी अपस्मार असलेल्यांच्या आहेत. हे तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी वाचायला मिळेलच, म्हणून मीच सांगते. फिट नसलेल्या तुमच्या मुलासाठी रोज रात्र जागून काढण्याचे ते कारण नाही. त्याच्या झोपेच्या तक्रारीवर मात्र उपचार आहेत, त्या बालरोगतज्ज्ञांपुढे मांडा.

उपचार सुरू करण्यासाठी वरच्या दोन तपासण्यांची वाट पाहू नका. त्यांच्या निकालाने फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वा स्पीच थेरपी यांत काडीचा फरक पडणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ ही, लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणारी, केंद्रे आहेत, तिथे या सेवा एका छताखाली आणि विनामूल्य मिळतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकाकडून किंवा थेट शासकीय रुग्णालयातून तिथे पाठवणी करून घेता येते. गुणसूत्राचा जादा तुकडा ‘दुरुस्त’ करण्याचा दावा करणारी औषधे, पेशींची इंजेक्शने, मेंदूचे टॉनिक यांवर एक रुपयाही खर्च करू नका. असा उपचार आज जगात कुठेही नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांच्या यादीत ‘गुणसूत्राचे द्विगुणन’ असा प्रकार नाही, म्हणून जनुकीय अहवाल दाखवून प्रमाणपत्र मिळत नाही. ते बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता यांखाली, प्रत्यक्ष मूल्यमापन करून मिळते. या वयात ते तात्पुरते असते आणि पुढे फेरतपासणी होते, याने निराश होऊ नका. चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमता नोंदली गेली की सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो; त्यासाठीही हेच प्रमाणपत्र लागते.

राहिली तुमची लेक. तुमच्या रक्तात द्विगुणन नाही असे निघाले तर तिची कोणतीही तपासणी करण्याचे कारण नाही. ते निघाले, तरी वयाप्रमाणे वाढणाऱ्या, शाळेत नीट शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचे रक्त केवळ भविष्याच्या काळजीपोटी तपासू नये. सज्ञान झाल्यावर तिला सगळे समजावून सांगावे आणि तपासणीचा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. शिकण्यात वा बोलण्यात तिला काही अडचण जाणवत असेल तर गोष्ट वेगळी, मग जनुकतज्ज्ञांशी बोला. आज तिला एवढेच सांगावे की भावाचे अंग आणि डोके जन्मापासून निराळ्या रीतीने काम करते, ते कोणाच्या चुकीमुळे झालेले नाही आणि ते तिला लागणार नाही. वाटी धरून थांबण्याचा जो प्रकार वर सांगितला, तो तिलाही दाखवा. भावंडे ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर शिकतात.

जनुकतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला जाताना पतींना सोबत न्या, आणि आत्याबाई येत असतील तर त्यांनाही. अहवालातली ‘मातृक’ ही ओळ डॉक्टरांनी त्यांच्यासमोर समजावून सांगावी, अशी विनंती आधीच करून ठेवा. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते त्यांना अधिक पटेल.